चार सूत की बारा मिलिमीटर? – चाकाच्या नटाची गोष्ट

मंडळी, या विकांताचा विषय ऐकून काही जण लगेच पान उलटतील याची कल्पना आहे. विषय आहे चाकाचे नट. त्यातही पिकअप ट्रकचे नट हरवले, गंजले किंवा आटे गेले, तर त्यांच्या जागी नवे कुठले घ्यायचे, हा. "एवढ्याशा नटात लिहिण्यासारखं काय आहे? दुकानात जायचं, गाडीचं नाव सांगायचं, डबा उचलायचा!" बरोबर. बहुतेक वेळा तेवढंच करावं लागतं. पण त्या डब्यावर जे आकडे छापलेले असतात ना, एम१४ × १.५ किंवा अर्धा इंच-२०, त्यांच्यामागे एक जुना आणि बऱ्यापैकी भांडखोर इतिहास दडलेला आहे. तो माहीत असला की चुकीचा नट ओळखता येतो. आणि चाक हायवेवर निघून जाणं ही काही गमतीची गोष्ट नाही.

सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दापासून करू. स्टेपनी. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मराठीच वाटावा. प्रत्यक्षात वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्या काळी मोटारीबरोबर जादा चाक येतच नसे. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवा, ट्यूब काढा, ठिगळ लावा, पुन्हा चढवा. डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये यावर तोड काढली: आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरसकटची एक कडी. ती पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडींनी आवळायची आणि घरी जायचं. हीच ती "स्टेपनी". इंग्लंडमधून हा शब्द केव्हाच गेला, आपल्याकडे मात्र पक्का मुक्काम ठोकून राहिला.

पण स्टेपनी म्हणजे तात्पुरती सोय. मूळ चाक गाडीलाच राहायचं. पुढची पायरी म्हणजे सुटी होणारी रिम. लाकडी आऱ्यांचं चाक जागेवर ठेवून फक्त टायरची कडी काढायची. ही कडी लाकडी चाकाला कानासारख्या छोट्या पकडींनी धरलेली असे, आणि प्रत्येक पकडीवर एक नट. या पकडीला इंग्रजीत "लग" म्हणत. आज पकड गेली, अख्खं चाकच सुटं व्हायला लागलं, पण अमेरिकेत नटाचं नाव मात्र "लग नट"च राहिलं. आपण सरळ "व्हील नट" म्हणतो ते बरं.

आता पिकअप. १५ एप्रिल १९२५ ला फोर्डने मॉडेल टी गाडी मागे कारखान्यातूनच बसवलेल्या हौद्यासह विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. त्याआधी शेतकरी गाडी घ्यायचा आणि मागचा हौदा गावच्या सुताराकडून करून घ्यायचा. पुढे पोलादी पत्र्याची चाकं आली आणि चाक हबला चार-पाच-सहा बोल्टांवर बसवायची पद्धत रूढ झाली. मालवाहू गाडीची चाकं वारंवार काढावी लागतात, त्यात माल भरलेला, रस्ते खराब. म्हणजे नटाची खरी परीक्षा इथेच.

बरं, नटाचे आटे कोणी ठरवले? यासाठी मोटारीच्याही मागे जावं लागतं.

१८४१ पर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल याची काहीच खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ या गृहस्थाने वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले, आणि सरासरीच्या जवळपास जाणारं एक माप सुचवलं: आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोल. त्याचा निबंध लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनियर्ससमोर वाचला गेला आणि हळूहळू साऱ्या साम्राज्यात हे आटे पसरले.

अमेरिकेला हे मानवलं नाही. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये स्वतःची पद्धत मांडली. कोन ६० अंश, माथा सपाट. त्याचं म्हणणं असं, की ५५ अंश मोजायला आणि गोल माथा कापायला कसबी कारागीर लागतो. ६० अंशांचा त्रिकोण आणि सपाट माथा कुणालाही जमतो. थोडक्यात, व्हिटवर्थने होतं त्यातून मधलं काढलं, सेलर्सने बनवायला सोपं काय ते पाहिलं. अमेरिकेची बाजारपेठ मोठी होती आणि सेलर्सचं गणित व्यवहारी होतं, त्यामुळे तिकडे तेच टिकलं.

यातली गंमत बघा. पाव इंचाच्या बोल्टाला दोन्ही पद्धतींत इंचाला २० आटे. कोन वेगळा, पण नट चढतो! अर्ध्या इंचाच्या बोल्टाला मात्र व्हिटवर्थचे १२ आटे, सेलर्सचे १३. तिथे नट अडकतो. आता सांगा, यातली जास्त धोकादायक जोडी कुठली? अडकणारी की चढणारी? या प्रश्नाकडे परत येतोच.

मापं न जुळण्याची किंमत काय असते हे अमेरिकेला १९०४ मध्ये कळलं (स्टेपनीचंही वर्ष तेच, पण तो निव्वळ योगायोग). ७ फेब्रुवारीला बाल्टिमोरमध्ये आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब धावून आले. पण बऱ्याच बंबांच्या नळ्यांची जोडणी बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेना. आटे वेगळे! पाणी होतं, माणसं होती, नळ्या होत्या, आणि दीड हजारांहून जास्त इमारती जळाल्या.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडलं, जरा वेगळ्या वेषात. रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवू लागली. इंजिन इंग्रजी, म्हणून आटेही इंग्रजी. ते कापायची हत्यारं अमेरिकेत सहज मिळेनात, तेव्हा पॅकार्डला ती हत्यारंच आधी बनवावी लागली. युद्ध संपल्यावर दोस्त शहाणे झाले. १८ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एका करारावर सह्या केल्या आणि "युनिफाइड" आटे जन्मले. कोन ६० अंश. सेलर्स जिंकला म्हणा ना. पुढे आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्यांनीही हाच ६० अंशांचा आकार घेतला.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घेऊ. कोन एक झाला ही चांगलीच बातमी. पण त्यामुळे इंची आटे आणि मेट्रिक आटे एकमेकांचे चुलतभाऊ झाले. चेहरेपट्टी सारखी, अंगकाठी थोडी वेगळी. लांबून बघणारा फसणारच.

आता या सगळ्याचा पिकअपच्या चाकाशी संबंध. अमेरिकन पिकअपवर कित्येक वर्षं अर्ध्या इंचाचा, इंचाला २० आट्यांचा स्टड असे. आपल्या गॅरेजवाल्याच्या भाषेत "चार सूत". एक इंच म्हणजे आठ सूत, अर्धा इंच म्हणजे चार. (भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, पण हार्डवेअरच्या दुकानात सूत अजून जिवंत आहे! सवय कायद्यापेक्षा चिवट असते.) जड पिकअपवर नऊ सोळांश इंच, म्हणजे साडेचार सूत.

मग अमेरिकेतही मेट्रिकचं वारं सुटलं. जनरल मोटर्सने १९७३ मध्ये मेट्रिककडे वळायचं जाहीर केलं. १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मेट्रिक रूपांतराच्या कायद्यावर सही केली. कायदा ऐच्छिक होता, त्यामुळे जनतेने त्याकडे पाठ फिरवली; त्यासाठी नेमलेलं मंडळही १९८२ मध्ये गुंडाळलं गेलं. रस्त्यावरच्या पाट्या मैलांतच राहिल्या. पण मोटार कंपन्यांना सुटे भाग जगभरातून घ्यायचे आणि विकायचे होते. त्या गुपचूप मेट्रिक होत गेल्या. म्हणून आज अमेरिकन माणूस मैलांत गाडी चालवतो आणि मिलिमीटरचे नट आवळतो :)

फोर्ड एफ-१५० हे याचं उत्तम उदाहरण. १९९६ पर्यंतच्या गाडीला पाच स्टड, चार सुतांचे. १९९७ च्या नव्या आकाराच्या गाडीला स्टड आले एम१२ × १.७५. म्हणजे व्यास १२ मिलिमीटर, दोन आट्यांमधलं अंतर (पिच) १.७५ मिलिमीटर. २००४ ची गाडी आली तेव्हा सहा स्टड आणि एम१४ × २.० झालं होतं. आणि २०१५ पासून एम१४ × १.५. यातही एक संगती आहे. १.७५ आणि २.० हे त्या त्या व्यासाचे "जाड" आटे, १.५ हा बारीक. बहुतेक मोटारवाले चाकाला बारीक आटे वापरतात, कारण बारीक आट्यात बोल्टाचा गाभा जाड राहतो आणि नट सहज सैल होत नाही. फोर्ड मेट्रिक झाली ती जाड आटे घेऊन, आणि मग फिरून बारीकवर आली. शेव्हरोलेट सिल्व्हराडो आधीपासून एम१४ × १.५ वर होती. टोयोटाची हायलक्स आणि टॅकोमा एम१२ × १.५, निसानची फ्रंटियर एम१२ × १.२५.

म्हणजे एकाच नावाची गाडी, पण वर्षागणिक नट वेगळा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे: नाव तेच, व्हर्जन बदललेलं, आणि जुनं काहीच चालत नाही.

आता तो मघाचा प्रश्न. २०१० च्या एफ-१५० वर २०१५ चा नट लावून बघितला तर? २.० च्या आट्यावर १.५ चा नट एखादा वेढा जाईल आणि घट्ट अडकेल. हाताने पुढे जाणारच नाही. ही चांगली चूक. कंपायलरने जागच्या जागी एरर दिली म्हणायची.

वाईट चूक वेगळी. निसानच्या १२ × १.२५ स्टडवर चार सुती नट लावला तर? चार सुती नटाचा पिच १.२७ मिलिमीटर. फरक फक्त ०.०२! नट मजेत फिरत जातो, अगदी शेवटपर्यंत. पण व्यासात ०.७ मिलिमीटरचा फरक आहे. आटे एकमेकांत जेवढे गुंतायला हवेत, त्याच्या निम्मेच गुंततात. पाना लावला की घट्टही वाटतो. आणि मग कधीतरी भरलेल्या गाडीखाली आटे सोलून निघतात. एरर नाही, वॉर्निंग नाही, प्रोग्रॅम चालतोय आणि उत्तर चुकीचं आहे.

मधली चूक साडेचार सुताची. नऊ सोळांश इंची नट एम१४ × १.५ वर थोडा जातो, मग जड व्हायला लागतो. हाताने लावणारा माणूस थांबतो. हवेची गन लावणारा थांबत नाही. गन नटाला विचारत नाही, ती आटे कापत पुढे जाते. म्हणून जुने मिस्त्री पहिले चार-पाच वेढे बोटांनीच देतात. त्यात जुनाटपणा काही नाही, ती तपासणी आहे.

आटे जुळले म्हणजे झालं का? नाही. नट जिथे चाकाला टेकतो ती बैठकही जुळायला हवी. बहुतेक नटांचं टोक ६० अंशांच्या शंकूचं असतं आणि चाकाच्या भोकालाही तसाच उतार असतो. होंडाच्या मूळ चाकांना गोलाकार, चेंडूच्या पृष्ठासारखी बैठक. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय चाकांना सपाट वॉशर आणि खाली दांडी असलेला नट, तर त्याच टोयोटाच्या पत्र्याच्या चाकांना शंकूचा. आटे सगळीकडे तेच! शंकूचा नट गोल बैठकीत बसवला तर तो पूर्ण पृष्ठावर टेकत नाही, एका बारीक रेघेवर टेकतो. त्या दिवशी घट्ट, आठवड्याने सैल. म्हणून चाकं बदलली तर स्टड तेच असूनही नट बदलावे लागू शकतात, आणि ही गोष्ट हमखास विसरली जाते.

बैठकीला एवढं महत्त्व का? कारण चाक स्टडवर टांगलेलं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. गाडीचा भार वाहतं ते त्या दाबातून येणारं घर्षण. थोडा हिशोब करू. २००४ नंतरच्या एफ-१५० चा नट १५० फूट-पौंड, म्हणजे साधारण २०३ न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. नेहमीचं ढोबळ सूत्र लावलं तर १४ मिलिमीटरच्या एका स्टडमागे सुमारे ७ टनांचा दाब येतो. सहा स्टडांचे चाळीसेक टन! आणि ही सगळी किमया आपल्या पान्यावरच्या जोराच्या फक्त दहाएक टक्क्यांची. उरलेला जोर आटे आणि बैठक यांच्या घर्षणात खर्च होतो. म्हणूनच आट्यांना हौसेने तेल लावू नये. घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कमध्ये स्टड जास्त ताणला जातो आणि लांबतो किंवा तुटतो. मॅन्युअल सांगेल तेच करावं.

हे सगळं लोकांना पहिल्यापासून कळलेलं नव्हतं. गाडी पुढे जाताना डावीकडचं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे नट सुटायच्या दिशेने. या भीतीपोटी कित्येक गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे देत. महायुद्धातल्या विलीस जीपला तसेच होते, आणि हीच जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. क्रायस्लरने तर १९७० च्या आसपासपर्यंत हा रिवाज पाळला. स्टडच्या टोकावर "एल" अक्षर कोरलेलं असे. ते न बघता जोर लावणाऱ्या किती जणांनी स्टड तोडले असतील, देव जाणे.

१९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगांनी दाखवलं, की नट सैल होतो तो मुख्यतः जोडणी आडवी सरकल्यामुळे. दाब पुरेसा असेल तर सरकणं नाही, आणि सरकणं नाही तर सुटणंही नाही. योग्य शंकू, स्वच्छ बैठक, योग्य टॉर्क असेल तर आटे सुलटे की उलटे याने चाकाला फारसा फरक पडत नाही. मोटारींवरचे उलटे आटे इतिहासजमा झाले ते यामुळेच पटतं.

शेवटचा मुद्दा सौंदर्याचा. बऱ्याच पिकअपवर चकचकीत नट असतात. ते अखंड नसतात. आत साधं पोलाद, वर स्टेनलेसची पातळ टोपी चढवून दाबलेली. टोपीखाली पाणी आणि मीठ शिरलं की आतलं पोलाद गंजतं. गंज पोलादापेक्षा जास्त जागा व्यापतो, टोपी फुगते, आणि नटाला आपला नेहमीचा पाना बसेनासा होतो. हे कळतं कधी? रात्री, पावसात, पंक्चर झाल्यावर. बदली नट घेताना शक्य असेल तर अखंड पोलादाचे घ्यावेत. दिसायला थोडे साधे, पण भरवशाचे.

तर नवे नट घेताना बघायचं काय? गाडीचं नाव पुरेसं नाही, वर्ष हवं. मॅन्युअलमधून व्यास आणि पिच दोन्ही हवेत. जुनी गाडी असेल तर आधीच्या मालकाने स्टड बदलले असतील, म्हणून पिच गेजने स्टडच मोजावा. हे गेज अगदी स्वस्तात मिळतं. चाकं मूळची आहेत की नंतरची ते बघून बैठक ठरवावी. नट बोटांनी फिरवून बघावा. आटे निदान स्टडच्या व्यासाइतक्या लांबीवर तरी गुंतले पाहिजेत: १४ × १.५ ला नऊएक वेढे, १४ × २.० ला सात. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळावेत आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावेत.

व्हिटवर्थपासून १९४८ च्या करारापर्यंत साऱ्यांची धडपड एकच होती: कुठलाही नट कुठल्याही बोल्टाला बसावा. ते पूर्णपणे साधलं नाही. साधलं ते एवढंच, की नट बहुतेक ठिकाणी जवळजवळ बसतो. मुळीच न बसणारा नट तुम्हाला दुकानात परत पाठवतो. जवळजवळ बसणारा नट गाडी सुरू करू देतो. म्हणून नट हातात घेतल्यावर "बसतोय का?" एवढंच न विचारता "याच स्टडचा आहे का?" हे विचारावं.

असो. बरंच लांबलं. पुढच्या विकांताला भेटूच.

ता.क. – स्टेपनीतली हवा शेवटची कधी तपासली होती? जाऊन बघा बरं!